दिवाणी, फौजदारी आणि महसुली
बांधाच्या तंट्याच्या वर्णनात हे तिन्ही शब्द एकापाठोपाठ येत असले, तरी ते कायद्याच्या निरनिराळ्या शाखांचे वाचक आहेत. शेताची वहिवाटीची वाट अडवली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जो दावा दाखल करता येतो, त्यात अडथळा आणि ताबा एवढेच पाहिले जाते. जमीन कोणाची, हा हक्काचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा, आणि सातबारावरील नोंद (गावोगावची समजूत काहीही असो) मालकीचा निर्णायक पुरावा ठरत नाही. त्याच बांधावर कुऱ्हाड चालली, तर गुन्हा नोंदवून शासन फौजदारी खटला चालवते, आणि वादी-प्रतिवादींनी जमिनीपुरती तडजोड केली म्हणून गंभीर दुखापतीचा तो खटला आपोआप निकाली निघत नाही.