सलोतरी आणि बरसाती

आमच्या उर्दूत घोड्याच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणतात. शब्द फारसी वाटतो, पण आहे संस्कृत. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य मानला गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो आला. दख्खनमध्ये अहमदशाह वली बहमनीसाठी अब्दुल्ला बिन सफी यांनी शालिहोत्राचं शास्त्र फारसीत आणलं. घोडदळावर राज्य टिकवणाऱ्याला घोडा बरा करणारी विद्या हवी होती. ती कोणत्या भाषेतली, हा प्रश्न नंतरचा.

सलोतऱ्याचा कस लागायचा पायाच्या जखमेत. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतात. हाड, कंडरा आणि ताणलेली कातडी. जखम मिटण्याआधीच लाल मांस वर उचलून येतं आणि कडेची कातडी पुढे सरकू शकत नाही. काही जखमा पावसाळ्यात चिघळायच्या, थंडीत सुकायच्या, पुढच्या पावसात पुन्हा फुटायच्या. त्यांना नाव पडलं ‘बरसाती’. इंग्रज लष्करी पशुवैद्यांनीही हेच नाव घेतलं. १८८४ मध्ये फ्रेडरिक स्मिथ यांनी या रोगामागे बुरशी असल्याचं मांडलं.

पुढे कळलं की या एका नावाखाली दोन रोग होते. एक साचलेल्या पाण्यातल्या, बुरशीसारख्या जीवाचा. दुसरा जंतांचा: घोड्याच्या लिदीतल्या अळ्या माशीच्या पोटात वाढतात आणि माशी जखमेवर बसली की तिथे उतरतात. माश्या हटल्या की जखम सुकते. नाव ठेवणाऱ्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता, पण ऋतूशी असलेलं नातं त्यांनी अचूक हेरलं होतं.

आमच्या सातपूरला कारखान्यांच्या रस्त्यांवर आता घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीतच. त्या एका जनावरावर एक घर चालतं. त्याचा पाय महिनोन्‌महिने बरा झाला नाही की सीझन जातो. मग मोरचूद चोळलं जातं. ते वाढलेलं मांस जाळतं, पण त्याबरोबर येऊ घातलेली नवी कातडीही जाळते. पशुवैद्य ते जादा मांस कापून काढतो. त्यात नसा नसल्याने घोड्याला फारशी वेदना होत नाही. मग घट्ट पट्टी, गरज पडली तर कातडीचं रोपण, आणि जंत असतील तर त्यांचं औषध.

मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. तरीही बरसातीवरचा पहिला इलाज तबेल्यातच आहे: लीद रोज उचला, जखम झाका. त्याला पैसे लागत नाहीत. सुलतानाने परक्या भाषेतली विद्या मागवून घेतली होती. आपल्याला ती फक्त तबेल्यापर्यंत न्यायची आहे.