कात करणाऱ्यांचं रान

पानाला लावायचा कात करत कोण होतं, हे आपण कधी विचारलंय? आपल्या मावळ-लोणावळ्याच्या डोंगरात दिसणारे कातकरी. खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून ते कात काढत. नावही त्यावरूनच पडलं. इंग्रजांनी १८७८ साली जंगल कायदा केला, रानं राखीव झाली, परवानगीवाचून खैर तोडणं गुन्हा ठरला. मग पोटासाठी माणसं ठेकेदाराची उचल घेऊन कोळसा पाडायला गेली. १९७६च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, उचल मात्र सुटली नाही. आता ती वीटभट्टीवाला देतो. दिवाळी सरली की आमच्या गटातल्या कातकरी बाया भट्टीवर. बचतीचा हप्ता चुकला की आम्ही त्यांनाच बोलायचो.

२००६चा वनहक्क कायदा नीट ऐका. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून वनजमीन कसत असाल, तर दावा करता येतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे निघतो. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा धरतात. जोडीला आणखी एक पुरावा लागतो.

आमच्या वाडीतली आजी आता थकलीय. कोण कुठलं रान कसायचं, हे तिलाच आठवतं. बाया भट्टीवर निघायच्या आत वही घेऊन आम्ही तिच्या ओट्यावर बसणार आहोत.