पुरंदरचा तह : किती टक्के गेले, आणि कशाचे?

१/ जून १६६५. पुरंदरास मोगलांचा वेढा पडून दोन महिने उलटले होते. वज्रगड आधीच गेला होता आणि मुरारबाजी देशपांडे धारातीर्थी पडले होते. अशा वेळी शिवाजी महाराज मिर्झाराजे जयसिंहाच्या छावणीत गेले आणि तह ठरला. ‘या तहात स्वराज्याचे ८० टक्के क्षेत्र गेले’ असे विधान सहज केले जाते. हा आकडा येतो कुठून, आणि तो खरोखर क्षेत्राचा आहे काय, हे या धाग्यात पाहू.

२/ तहाचे मुख्य कलम असे : ३५ किल्ल्यांपैकी २३ किल्ले व त्यांखालचा सालाना ४ लक्ष होन उत्पन्नाचा मुलूख मोगलांस द्यावा. उरलेले १२ किल्ले व १ लक्ष होनांचा मुलूख, बादशहाशी एकनिष्ठ राहण्याच्या अटीवर, महाराजांकडे राहावा.

३/ शेकडा घट काढण्याची रीत शाळेतलीच आहे. मूळ संख्येतून उरलेली वजा करावी, येणाऱ्या वजाबाकीस मूळ संख्येने भागावे आणि १०० ने गुणावे.
किल्ले : (३५ − १२) ÷ ३५ × १०० = सुमारे ६५.७ टक्के.
उत्पन्न : (५ − १) ÷ ५ × १०० = ८० टक्के.
भागाकार नेहमी मूळ संख्येने करायचा. २३ ला उरलेल्या १२ ने भागले, तर उत्तर १९१ टक्क्यांच्या पुढे जाते; आणि जेवढे होते त्याहून अधिक कोणी गमावू शकत नाही.

४/ म्हणजे तह एकच, पण घटीचे आकडे दोन. त्यांपैकी एकही क्षेत्रफळाचा नाही. त्या काळी शेतजमीन बिघा व चावर यांत मोजली जाई. परंतु राज्याराज्यांत मुलुखाची देवघेव होई ती उत्पन्नावर. अमुक लक्ष होनांचा मुलूख म्हटले की दोन्ही पक्षांस त्याचे मोल कळे. तो किती चौरस कोस भरतो, हे तहात लिहिण्याची गरज कोणासही वाटली नाही.

५/ उत्पन्नाची टक्केवारी क्षेत्रफळास लावता येत नाही. पुण्याच्या आसपासची सपाट, पिकाऊ जमीन आणि सह्याद्रीच्या कड्याखालचे रान यांचा विस्तार सारखा असला, तरी वसूल सारखा नसतो. म्हणून ‘८० टक्के उत्पन्नाचा मुलूख गेला’ हे विधान तहाला धरून आहे; ‘८० टक्के भूभाग गेला’ हे नाही.

६/ दोन आकड्यांतली ही तफावतच अधिक बोलकी आहे. दिलेल्या किल्ल्यांमागे सरासरी उत्पन्न येते सुमारे १७,४०० होन. राखलेल्यांमागे सुमारे ८,३००. गेलेला भाग दुपटीने सधन होता. पुरंदर, कोंढाणा, लोहगड, माहुली, कर्नाळा मोगलांकडे गेले. राजगड, तोरणा, रायगड महाराजांकडे राहिले. पैशाचा मुलूख गेला, पण सह्याद्रीचा अवघड गाभा आणि राजधानी हातात राहिली.

७/ छेदाकडेही पाहावयास हवे. ३५ हा तहातील यादीचा आकडा आहे. नुकतेच बांधकाम सुरू झालेला सिंधुदुर्ग त्या यादीत नाही. तेव्हा ६५.७ टक्के ही घट यादीतील किल्ल्यांची आहे, महाराजांच्या सर्व किल्ल्यांची नव्हे.

८/ त्याच तहात आणखी एक कलम होते. विजापूरकरांच्या कोकणातील ४ लक्ष आणि बालाघाटातील ५ लक्ष होनांचा मुलूख बादशहाने महाराजांस बहाल केल्यास त्यांनी १३ वार्षिक हप्त्यांत ४० लक्ष होन द्यावेत. दरसाल हे सुमारे ३ लक्ष होन होतात. कागदावर पाहता १ लक्षाचे १० लक्ष होणार होते, म्हणजे तहापूर्वीच्या दुप्पट. परंतु जयसिंहाची विजापूरची मोहीम फसली आणि हा हिशेब कागदावरच राहिला.

९/ आता उलटा हिशेब. ८० टक्के गमावल्यावर ८० टक्के परत मिळवले, तर भरपाई होईल काय? नाही. १ लक्षात ८० टक्के वाढले की १ लक्ष ८० हजारच होतात. पुन्हा ५ लक्षांवर जाण्यासाठी ४०० टक्के वाढ हवी. उतरताना मूळ संख्या मोठी असते, चढताना लहान. म्हणून गमावण्याहून परत मिळवणे आकड्यांतही जड असते.

१०/ या गणिताच्या उजेडात १६७० हे वर्ष वाचावे. फेब्रुवारीत तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानाने कोंढाणा परत आला, मार्चमध्ये पुरंदर, आणि जून संपण्यापूर्वी लोहगड, माहुली, कर्नाळाही. राखलेल्या १२ किल्ल्यांच्या आधारावर हे झाले. तहातील ते १ लक्ष होन नुसती ‘उरलेली २० टक्के’ म्हणून वाचले, तर १६७० उलगडत नाही.

११/ मित्रहो, यापुढे एखाद्या राज्याचे ‘इतके टक्के क्षेत्र घटले’ असे वाचाल, तेव्हा दोन प्रश्न अवश्य विचारा : मोजले काय, आणि भागले कशाने? उत्तर मिळेपर्यंत तो आकडा पुढे पाठवू नका.