ओळखीच्या माणसांचे जाळे

इसवी सन १९८८ च्या नोव्हेंबर महिन्याची २ तारीख, बुधवारची सायंकाळ. अमेरिकेतील विद्यापीठांतून आणि संशोधनसंस्थांतून उशिरापर्यंत काम करीत बसणाऱ्या मंडळींस आपले संगणक एकाएकी मंदावल्याचे जाणवू लागले. जे यंत्र एरवी क्षणार्धात उत्तर देई, ते आता मिनिटेच्या मिनिटे मुके राहू लागले. आत पाहावे तो कोणीही न सांगितलेली कामे शेकड्यांनी चाललेली. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले, तरी थोड्याच अवधीत पहिले पाढे पंचावन्न! मध्यरात्र उलटेपर्यंत पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत एकच प्रश्न दूरध्वनीवरून विचारला जाऊ लागला : तुमच्याकडेही हेच चालले आहे काय?

त्या रात्री जे घडले, ते समजण्यासाठी हे जाळे मुळात कोणी व कोणत्या भरवशावर विणले, हे पाहावयास हवे.

दूरध्वनीच्या पद्धतीत दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यामधील तार त्या दोघांच्याच मालकीची होते. ती गप्प राहिली तरी तार अडकून पडते, आणि मधले एखादे केंद्र नष्ट झाले तर संभाषण तुटते. या पद्धतीस पर्याय शोधण्याचा विचार दोन माणसांनी एकमेकांस न कळत केला. अमेरिकेतील रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांच्या डोळ्यांसमोर अणुयुद्धाचे भय होते. अर्धी केंद्रे बेचिराख झाली तरी संदेश पोचला पाहिजे, या विवंचनेतून त्यांनी आपली योजना मांडली आणि १९६४ मध्ये तिचे सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केले. इंग्लंडमध्ये टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस हे १९६५ मध्ये त्याच निष्कर्षाप्रत आले. त्यांच्यापुढे मात्र युद्ध नव्हते, संगणक आणि मनुष्य यांच्या संवादात वाया जाणारा तारेचा वेळ होता. ‘पॅकेट’ हा शब्द डेव्हिस यांचा.

कल्पना साधी आहे. एखाद्याने पुण्याहून कलकत्त्यास एक ग्रंथ धाडावयाचा ठरविला, आणि तो एकसंध न पाठविता त्याची पाने सुटी करून प्रत्येक पान निराळ्या पाकिटात घातले. प्रत्येक पाकिटावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पानाचा क्रमांक लिहिला. काही पाकिटे नागपूरमार्गे जातील, काही मद्रासमार्गे. काही आधी पोचतील, काही मागाहून. घेणारा क्रमांकावरून पाने लावील आणि जे पान आले नाही ते पुन्हा मागवील. वाटेतल्या टपालकचेरीस ग्रंथाची काही माहिती असण्याचे कारण नाही. पत्ता वाचून पाकीट पुढच्या कचेरीकडे ढकलणे, एवढेच तिचे काम. संगणकांच्या जाळ्याचा गाभा एवढाच आहे. परंतु या व्यवस्थेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. पाकिटावर पाठविणाऱ्याचा जो पत्ता लिहिलेला असतो, तो पाठविणाऱ्यानेच लिहिलेला असतो, आणि वाटेत तो कोणीही पडताळून पाहत नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील आर्पा या संस्थेने असे जाळे प्रत्यक्षात आणले. ते अणुयुद्धासाठी बांधले असे वारंवार सांगितले जाते, पण ते खरे नव्हे. महागडे संगणक दूरदूरच्या संशोधकांना वाटून वापरता यावेत, हा त्याचा व्यवहारी हेतू होता. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या यंत्राकडे ‘लॉगिन’ हा शब्द एकेक अक्षर करून धाडण्यात आला. ‘एल’ पोचले, ‘ओ’ पोचले, आणि पलीकडचे यंत्र कोसळले. त्या वर्षाच्या अखेरीस जाळ्यावर चार ठिकाणे होती. पुढे निरनिराळ्या जाळ्यांना परस्परांशी जोडणारे नियम व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडले, आणि १ जानेवारी १९८३ पासून आर्पाच्या सर्व यंत्रांनी ते स्वीकारले. इंटरनेट म्हणून जे ओळखले जाते त्याचा पाया तोच.

चार ठिकाणांच्या त्या काळात कोणी दाराला कडी लावीत नसे. कोणते यंत्र कोणाचे, त्यावर कोण बसतो, हे सर्वांस ठाऊक. जुन्या वाड्यातील बिऱ्हाडांसारखा हा प्रकार होता. इशारे मिळाले नाहीत असे मात्र नाही. डिसेंबर १९७३ मध्ये रॉबर्ट मेटकाफ यांनी एक लहानसे टिपण काढून सहकाऱ्यांस सावध केले, की परवलीचे शब्द सहज ओळखता येण्याजोगे आहेत, आणि एका यंत्राच्या सर्वाधिकाराचा परवलीचा शब्द लॉस एंजेलिसमधील शाळेत जाणाऱ्या दोन मुलांच्या हाती लागला आहे. टिपण वाचले गेले, आणि वाडा पूर्वीसारखाच उघडा राहिला.

परवलीच्या शब्दांचा विषय निघाला म्हणून एका पितापुत्रांची हकीगत येथेच सांगितली पाहिजे. पिता रॉबर्ट मॉरिस हे बेल प्रयोगशाळेतील गणिती. युनिक्स या संगणकप्रणालीत परवलीचे शब्द गुप्तरूपाने साठविण्याची व्यवस्था त्यांनी केली. १९७९ मध्ये त्यांनी केन टॉम्पसन यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांनी निवडलेले ३,२८९ परवलीचे शब्द त्यांनी तपासले, तेव्हा त्यांतील २,८३१, म्हणजे शेकडा ८६, एक तर अगदी तोकडे तरी होते किंवा शब्दकोशात अथवा नावांच्या यादीत सापडणारे तरी. कुलूप कितीही मजबूत असले तरी किल्ली उंबऱ्यावर ठेवणाऱ्यास कोण काय करणार! १९८८ साली हेच मॉरिस अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय संगणक सुरक्षा केंद्राचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

पुत्राचे नावही रॉबर्ट, रॉबर्ट टॅपन मॉरिस. विद्यार्थिदशेतच, १९८५ मध्ये, त्याने बेल प्रयोगशाळेसाठी एक वृत्तांत लिहून दाखवून दिले की, पाकिटांवरील क्रमांकांचा आधीच अंदाज बांधून, पाठविणाऱ्याचा खोटा पत्ता घालून, एका यंत्रास दुसऱ्या विश्वासू यंत्राचे सोंग आणता येते. वर ज्या न पडताळलेल्या पत्त्याचा उल्लेख आला, त्याचाच हा दुरुपयोग. हीच युक्ती पुढे डिसेंबर १९९४ मध्ये नाताळच्या दिवशी कॅलिफोर्नियात एका संशोधकाच्या संगणकावर प्रत्यक्ष वापरली गेली. निबंध लिहून नऊ वर्षे लोटली होती!

१९८८ च्या शरदऋतूत हा मुलगा कॉर्नेल विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यास करीत होता. वय बावीस. त्याने एक आज्ञावली लिहिली. ती एका यंत्रात शिरावी, तेथून शेजारच्या यंत्रांचे पत्ते शोधावेत, आणि त्यांत आपली प्रत सोडावी, एवढाच तिचा उद्योग. अशा स्वतःच्या बळावर सरपटत जाणाऱ्या आज्ञावलीस ‘वर्म’, म्हणजे कृमी, म्हणतात. उगम लपावा म्हणून त्याने ती कॉर्नेलमधून न सोडता दूरच्या एम. आय. टी. येथील एका यंत्रावरून सोडली.

या कृमीने आत शिरण्यासाठी ज्या वाटा वापरल्या, त्या नीट पाहण्यासारख्या आहेत; कारण यांतील एकही वाट भिंत फोडून काढलेली नव्हती. पहिली वाट टपाल वाटणाऱ्या आज्ञावलीची. तिच्यात चाचणीच्या सोयीसाठी एक खिडकी ठेवलेली होती, आणि काम झाल्यावर ती बंद करावयाची राहून गेली होती. त्या खिडकीतून पत्राऐवजी हुकूम पाठविता येई. दुसरी वाट ‘फिंगर’ नावाच्या चौकशीखिडकीची. अमुक मनुष्य यंत्रावर आहे काय, असे विचारले की ती उत्तर देई. प्रश्न लिहून घेण्यासाठी तिने ५१२ अक्षरांची जागा राखून ठेवली होती, पण प्रश्न त्याहून लांब आला तर काय, याचा विचार केलेला नव्हता. कृमीने ५३६ अक्षरांचा प्रश्न पाठविला. जास्तीची अक्षरे शेजारच्या जागेत सांडली. आणि त्या शेजारच्या जागेत, यंत्राने पुढे काय करावयाचे याची नोंद होती. नळाखाली भांडे ठेवून निघून जावे आणि पाणी वाहून शेजाऱ्याच्या हिशेबाच्या वह्या भिजाव्यात, तसेच हे. फरक एवढाच की येथे सांडलेल्या पाण्याने वहीत नवा मजकूर लिहिला. व्हॅक्स जातीच्या यंत्रांवर ही युक्ती साधली. सन कंपनीच्या यंत्रांवर ती फसली, परंतु तेथे दुसऱ्या वाटा उघड्या होत्या.

तिसरी वाट विश्वासाची. एका यंत्रावर ओळख पटलेल्या माणसास शेजारच्या यंत्राने पुन्हा न विचारता आत घ्यावे, अशी सोय संशोधकांनी स्वतःसाठी करून ठेवली होती. एक घर पडले की त्या ओळखीवर पुढची घरे आपोआप उघडत. आणि चौथी वाट पित्याने नऊ वर्षांपूर्वी निबंधात वर्णिलेली : परवलीचे शब्द ओळखणे. माणसाचे स्वतःचे नाव, तेच उलटे, मग ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी, आणि शेवटी यंत्रावरच असलेला शब्दकोश.

कृमीने एकही लेख पुसला नाही, एकही गुपित चोरले नाही. मग यंत्रे का कोसळली? येथे मॉरिसचा हिशेब चुकला. ज्या यंत्रात आपली प्रत आधीच आहे तेथे दोन प्रतींनी आपसांत निकाल लावून एकीने मरावे, असे त्याने लिहिले होते. परंतु एखादा चतुर व्यवस्थापक ‘प्रत आहे’ असे खोटे उत्तर देणारी आज्ञावली बसवून कृमीस फसवील, ही शंका आली म्हणून त्याने आणखी एक कलम घातले : सातांतून एक प्रत काहीही न विचारता अमर राहील. एक सप्तमांश हे प्रमाण त्यास थोडे वाटले असावे. जाळ्याच्या वेगापुढे ते प्रचंड ठरले. एकाच यंत्रात प्रतींवर प्रती साचल्या आणि त्या भाराखाली यंत्रे गुदमरली. खऱ्या कामास वाव न उरणे, हाही घाताचाच एक प्रकार, हे त्या रात्री जगास प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर कळले.

सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली असे तेव्हापासून सांगितले जाते. ही मोजदाद नव्हे. जाळ्यावर साठ हजार यंत्रे असावीत आणि दहांतले एक लागले असावे, अशा अंदाजाचे ते फलित आहे.

पुढील दोन दिवसांत एक विलक्षण पेच पडला. अनेक संस्थांनी घाबरून आपली यंत्रे जाळ्यापासून तोडली. ही उपाययोजना सहज सुचणारी होती, आणि तीच अंगाशी आली. कारण रोगाचे निदान आणि औषधही त्याच जाळ्यावरून येत होते. सुदैवाने त्याच आठवड्यात युनिक्सच्या जाणकारांचा मेळावा बर्कली येथे भरला होता. बर्कली, एम. आय. टी., पर्ड्यू येथील मंडळींनी रात्री जागून कृमी उलगडला, छिद्रे बुजविण्याच्या सूचना लिहिल्या आणि प्रसृत केल्या. पण तोडून बसलेल्यांस त्या मिळेनात. खुद्द मॉरिसलाही आपल्या हातून काय घडले हे कळल्यावर, हार्वर्ड येथील एका मित्रामार्फत, क्षमायाचना आणि उपाय सांगणारा निनावी संदेश पाठविण्यात आला. तो मध्यंतरीच्या तुंबलेल्या यंत्रांत अडकला, आणि बहुतेकांच्या हाती पडला तेव्हा त्याचा उपयोग उरला नव्हता. परस्परांचे दूरध्वनी क्रमांकही अनेकांजवळ नव्हते; त्यांचा सारा परिचय जाळ्यावरचा!

या अनुभवातून त्याच महिन्यात पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात ‘सर्ट’ हे आपत्कालीन केंद्र स्थापन झाले. अशा प्रसंगी कोणी कोणास कळवावयाचे, हे ठरविणे हे त्याचे पहिले काम. भारतात १९८६ साली मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आय. आय. टी. यांना जोडणाऱ्या ‘अर्नेट’ या जाळ्याचा प्रारंभ झाला होता. तेही आरंभी ओळखीच्याच माणसांचे जाळे. १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सर्वसामान्यांस मिळू लागले, आणि जानेवारी २००४ मध्ये येथेही ‘सर्ट-इन’ स्थापन झाले.

मॉरिसवर १९८६ च्या नव्या संगणक अपहार कायद्याखाली खटला झाला. नुकसान करण्याचा हेतू नव्हता, असा त्याचा बचाव होता, आणि तो खरा असण्याचा पुष्कळ संभव आहे. परंतु न्यायालयाने म्हटले की परवानगीवाचून आत शिरण्याचा हेतू पुरेसा आहे, नुकसानीचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. जानेवारी १९९० मध्ये तो दोषी ठरला. तुरुंगवास न देता तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड, अशी शिक्षा मे महिन्यात झाली. ती सौम्य म्हणून टीका झाली, कठोर म्हणूनही झाली. एका बुद्धिमान मुलाची आयुष्यभराची होळी न करणारा हा निकाल शहाणपणाचा होता, असेच म्हणावे लागेल. पुढे तोच मुलगा एम. आय. टी. येथे प्राध्यापक झाला.

त्याच्यामागून जे आले ते मात्र विद्यार्थी नव्हते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा कृमी जगभर पसरला. त्याचीही चाल तीच, यंत्रातून यंत्रात. पण हा लेख कुलुपबंद करून खंडणी मागे, आणि इंग्लंडमधील रुग्णालयांस त्याच्यापायी रुग्ण परत पाठवावे लागले. ज्या छिद्रातून तो शिरला, ते बुजविण्याची दुरुस्ती दोन महिने आधीच उपलब्ध होती.

फिंगरच्या चौकशीखिडकीत लांबी न मोजता अक्षरे घेणारी जी जुनी क्रिया होती, ती ‘सी’ या संगणकभाषेच्या अधिकृत नियमांतून २०११ मध्ये काढून टाकण्यात आली, म्हणजे त्या बुधवारनंतर तेवीस वर्षांनी. मॉरिसच्या कृमीचा मूळ मजकूर असलेली एक फ्लॉपी चकती कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक इतिहास संग्रहालयात जपून ठेवलेली आहे.