पुंगळीची किंमत

मोटारसायकलच्या इंजिनात जळालेला वायू ज्या नळीतून बाहेर पडतो तिला कंपनीच्या माहितीपुस्तिकेत एक्झॉस्ट, गॅरेजमध्ये सायलेन्सर आणि गावाकडे पुंगळी म्हणतात. तिचे मुख्य भाग दोन : इंजिनाच्या तोंडाशी बसणारा बेंड पाइप आणि त्याला जोडलेला, आवाज दाबणारा डबा. काही डब्यांत पत्र्याचे आडपडदे असतात. त्यांवर आदळत, वळणे घेत वायूचा जोर ओसरतो. काहींत भोके पाडलेली सरळ नळी असते आणि तिच्याभोवती दाबून भरलेले काचतंतू आवाज शोषून घेतात. गाडीबरोबर आलेली पुंगळी उतरवून बाजारातली दुसरी चढवण्याची चाल जुनी आहे. ग्राहक त्या नळीसाठी नेमके कशाचे पैसे मोजतो, ते मात्र काळानुसार बदलत गेले. आधी वेगाचे, मग हलकेपणाचे, पुढे आवाजाचे आणि अलीकडे सरकारमान्य शिक्क्याचे.

इंजिनाचा आवाज दाबण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या मिल्टन आणि मार्शल रीव्ह्ज या भावांनी १८९७ मध्ये अशा डब्याचे पेटंट घेतले. सुरुवातीचे सायलेन्सर वायूची वाट अडवत आणि मागे साचलेल्या दाबाने इंजिनाची ताकद घटे. त्यावर तोडगा म्हणून अनेक गाड्यांना ‘कट-आउट’ नावाची झडप असे. ती उघडली की वायू डब्याला वळसा घालून थेट बाहेर पडे. वस्तीत झडप बंद ठेवायची आणि मोकळ्या रस्त्यावर उघडायची, असा रिवाज होता. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात १९०७ साली ब्रुकलँड्सचा शर्यतमार्ग सुरू झाला, तेव्हा आसपासचे रहिवासी गोंगाटाला वैतागून कोर्टात गेले. अखेर १९२० च्या दशकात तिथे प्रत्येक गाडीला ठरावीक मापाचा मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. ‘ब्रुकलँड्स कॅन’ या नावाने तो ओळखला जाई. आवाज करणारा एक आणि सोसणारा दुसरा, हा तंटा तेव्हापासून पुंगळीच्या मागे लागला तो आजतागायत.

सायलेन्सर काढला की ताकद वाढते, हा समज १९३० च्या दशकात शर्यतींच्या मैदानावर तपासला गेला आणि अर्धाच खरा ठरला. इंजिनाची एक्झॉस्ट झडप उघडताच वायूबरोबर दाबाची एक लाट नळीतून धावते. नळीच्या उघड्या टोकाशी पोचल्यावर ती उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन इंजिनाकडे परतते. ती वेळेवर परतली, तर सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला वाट करून देते. चुकीच्या वेळी आली, तर उलट अडथळा होतो. म्हणजे नळी किती लांब आणि तिचे तोंड किती पसरट, यावर ताकद अवलंबून. यातूनच कर्ण्याच्या आकाराची ‘मेगाफोन’ पुंगळी शर्यतीच्या गाड्यांवर आली. पत्रा तोच, पण आता त्यात हिशेब आणि चाचण्यांचे श्रम मिसळले होते.

टू-स्ट्रोक इंजिनात हा हिशेब आणखी कडक. या इंजिनाला झडपा नसतात, त्यामुळे ताजे मिश्रण धुराबरोबर बाहेर निसटते. पूर्व जर्मनीतल्या त्शोपाउ येथील एमझेड कारखान्याचे अभियंता वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होणारी नळी घेऊन तिच्यावर प्रयोगांमागून प्रयोग केले. निमुळत्या भागावरून परतणारी दाबाची लाट निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. या ‘एक्स्पान्शन चेंबर’च्या आणि इतर सुधारणांच्या बळावर १२५ सीसीच्या इंजिनातून १९६१ पर्यंत सुमारे २५ अश्वशक्ती निघू लागली. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि सुझुकीला जाऊन मिळाला. १९६२ मध्ये सुझुकीने ५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद पटकावले, तेही त्याच्याच हातून. पत्र्याच्या एका नळीचा आकार हे देशाबाहेर नेण्याजोगे गुपित ठरले होते.

सर्वसामान्य ग्राहकासाठी बाजारात सुटी पुंगळी विकण्याचा धंदा ब्रिटनमध्ये याच सुमारास रुजला. ‘कॅफे रेसर’ म्हणवले जाणारे तरुण रोजच्या वापराच्या गाडीला शर्यतीच्या गाडीचे रूप देत. बीएसए गोल्ड स्टारच्या सायलेन्सरची नक्कल इतर गाड्यांवर चढू लागली. पॉल डन्स्टॉल यांनी नॉर्टन गाड्यांसाठी सुटे भाग विकायला सुरुवात केली आणि त्यांचे ‘डेसिबल’ सायलेन्सर नावाजले गेले.

या धंद्याला आजचे स्वरूप मात्र जपानमध्ये आले. फुकुओकाचे हिदेओ योशिमुरा १९५४ पासून तिथल्या हवाई तळावरच्या अमेरिकन सैनिकांच्या मोटारसायकली अधिक वेगवान करून देत. सैनिक त्यांना प्रेमाने ‘पॉप’ म्हणत. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली, तिच्या चार सिलिंडरना चार वेगवेगळ्या पुंगळ्या होत्या. दिसायला भारदस्त, पण वजनाला जड, आणि वळणावर गाडी कलली की रस्त्याला घासणाऱ्या. योशिमुरांनी चारही नळ्या इंजिनाखाली एकत्र आणून एकाच डब्यात सोडल्या. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑंटारियोच्या शर्यतीत ही ‘चाराची एक’ पुंगळी लोकांसमोर आली. वजन घटलेच, शिवाय एका सिलिंडरची लाट दुसऱ्याच्या कामी येऊ लागल्याने ताकदही वाढली. नळी वाकवताना चेपू नये म्हणून तिच्यात वाळू ठासून भरायची, ती तापवायची आणि हातानेच वळवायची, अशी ही कारागिरी होती. १९७८ मध्ये सुझुका येथे आठ तासांची शर्यत पहिल्यांदा भरली, तेव्हा योशिमुरांच्या सुझुकीने होंडाच्या स्वतःच्या संघाला मागे टाकले. त्यानंतर शर्यतीतले नाव पुंगळीवर कोरून त्याचा भाव घेण्याची रीत पडली.

अमेरिकेत कायद्याने या बाजाराला वेगळे वळण दिले. १९७२ च्या ध्वनिनियंत्रण कायद्यानुसार तिथल्या पर्यावरण संस्थेने १९८३ पासून नव्या मोटारसायकलींना ८३ डेसिबलची आणि १९८६ पासून ८० डेसिबलची मर्यादा घातली. बाजारातल्या सायलेन्सरवरही मान्यतेचा ठसा आवश्यक झाला. कारखान्यातून येणारी गाडी शांत झाली आणि तिला पुन्हा बोलती करणे हाच एक व्यवसाय झाला. मोठ्या व्ही-ट्विन गाड्यांचे ग्राहक आता ताकदीपेक्षा आवाजाचे पैसे देत होते. हार्ले-डेव्हिडसनने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाचा आवाज व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. प्रतिस्पर्ध्यांनी हरकती घेतल्या आणि २००० मध्ये कंपनीने तो मागे घेतला.

युरोपात महाग पुंगळीचे नाव स्लोव्हेनियाशी जोडले गेले. इगोर अक्रापोविच या माजी शर्यतवीराने १९९० च्या सुमारास ‘स्कॉर्पियन’ नावाने कारखाना काढला. नावाच्या अडचणीमुळे पुढे त्याने स्वतःचेच आडनाव दिले. त्याच्या पुंगळ्या टायटॅनियमच्या. हा धातू पोलादाच्या जेमतेम साठ टक्के वजनाचा आणि उष्णतेला दाद न देणारा. पण कच्चा मालच महाग, आणि जोडकाम करताना हवेचा संपर्क टाळण्यासाठी आर्गॉन वायूचे आवरण लागते. युरोपातल्या रस्त्यावर चालवायची पुंगळी चाचणी देऊन मान्यता मिळवते, तो खर्चही भावात धरला जातो. मान्यतेसाठी पुंगळीच्या तोंडाशी बसवलेली बारीक नळी, म्हणजे ‘डीबी-किलर’, विकत घेणाराच एका स्क्रूने काढून टाकतो, ही त्या व्यवस्थेतली उघड फट.

भारतात हा बाजार दुरुस्तीच्या गरजेतून वाढला. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया सुरू झाली, १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्सची राजदूत आली. परवाना-राजच्या काळात गाडी मिळायलाच वर्षे लागत, म्हणून आहे ती गाडी चालती ठेवणे भाग होते. थोड्या अंतरासाठी फिरणाऱ्या गाडीच्या डब्यात धुरातली वाफ पाणी होऊन साठते आणि पत्रा आतून गंजतो. टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइलची काजळी जमून नळी तुंबते. मिस्त्री ती आगीत तापवून, आपटून साफ करीत. ज्या दिवशी पत्रा फुटे, त्या दिवशी स्थानिक कारखान्यात वळवलेली स्वस्त पुंगळी बसे. कंपनीच्या भावापेक्षा कमी पैसे, हेच तिचे पहिले आकर्षण होते.

त्याच कारखान्यांनी पुढे आवाज विकायला घेतला. बुलेटचे ३४६ सीसीचे जुने इंजिन ७० मिलिमीटर व्यासाचे आणि ९० मिलिमीटर धावेचे. जड फ्लायव्हीलमुळे त्याचे ठोके सावकाश, मोजता येतील असे पडतात. डब्यातले आडपडदे कमी केले की तीच धडधड चौकाच्या पलीकडे ऐकू जाते. इंदौरी, पंजाब, गोल्डस्टार, मेगाफोन, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल अशी नावे बाजारात रूढ झाली. क्रोम चढवलेल्या साध्या पोलादाची अशी पुंगळी साधारण दीड ते पाच हजारांत मिळते. परदेशी नावाचा स्टेनलेस किंवा कार्बन फायबरचा डबा आयात शुल्क आणि करांसह चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जातो. बेंड पाइपसह संपूर्ण टायटॅनियम संच दीड लाखाच्याही वर. स्वस्त पुंगळीवर फटाके फोडण्याचा खेळही निघाला. धावत्या गाडीची चावी क्षणभर बंद करून पुन्हा चालू केली की न जळलेले पेट्रोल तापलेल्या नळीत पेट घेते आणि बार उडतो. ज्याला ही हौस नाही, त्या शेजाऱ्याची झोप या किमतीत धरलेली नसते.

तो हिशेब कायद्याने मांडला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला सायलेन्सर आवश्यक आहे. पुढे दुचाकींसाठी आवाजाच्या मर्यादा ठरल्या : ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यावर ८०. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाचा नियम मोडणाऱ्याला पूर्वी पहिल्या वेळी हजार रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो दहा हजारांपर्यंत नेला. तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवान्याचे निलंबन यांचीही तरतूद झाली. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी कलम १८२अ आले. महाराष्ट्रात वाढीव तडजोड शुल्क डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्याच वर्षी जुलैमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली. जप्त पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवण्याचे दृश्य महाराष्ट्रातल्या शहरांतही ओळखीचे झाले. हजार-दोन हजारांच्या पुंगळीपायी कितीतरी पट दंड, असे गणित त्यातून उभे राहिले.

एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाची बीएस-६ मानके आल्यापासून आणखी एक खर्च वाढला. नव्या गाडीच्या एक्झॉस्टमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर दिलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. संपूर्ण संच बदलला की बहुधा कन्व्हर्टरही बाहेर पडतो. मग इंधनाचे प्रमाण नव्याने बसवण्यासाठी ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, प्रोग्रॅममध्ये बदल करावा लागतो. कार्बोरेटरच्या काळात हे काम थोड्या पैशांच्या जेटवर भागत असे. वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि पीयूसी चाचणीत गाडी अडते. म्हणून आज पुंगळीची खरी किंमत सांगताना बिलावरच्या आकड्यात ट्यूनिंग, संभाव्य दंड आणि गमावलेली हमी मिळवावी लागते.

यातल्या शेवटच्या फेरीत बाजार उलटा फिरला आहे. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. तिचे अनेक मालक तेव्हा मूळ सायलेन्सर उतरवून मोकळ्या आवाजाची नळी बसवत आणि जुना डबा भंगारात जाई. आता त्या गाड्या मूळ रूपात उभ्या करणाऱ्यांना कंपनीचाच सायलेन्सर हवा असतो. तो मिळणे अवघड आहे आणि चांगल्या स्थितीतला सापडला, तर नव्या नकलेपेक्षा त्याला जास्त पैसे मोजावे लागतात.