समकक्ष जालकावरील साधनशोध, भ्रमणध्वनीतून

‘पिअर-टू-पिअर’ या नावाने परिचित असलेल्या समकक्ष जालकात प्रत्येक संगणक एकाच वेळी सेवा देणारा व सेवा घेणाराही असतो. संचिका, सेवा, दुसरा संगणक किंवा संदेशवहनाचा मार्ग यांपैकी हवे असलेले साधन अशा जालकात नेमके कोठे आहे हे हुडकून काढण्याच्या क्रियेस साधनशोध म्हणतात. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही क्रिया जावा भाषेतील लहान आज्ञावलींच्या साहाय्याने भ्रमणध्वनीतून करण्याचे प्रयत्न झाले. ते संख्येने थोडे असले, तरी जालकातील समानता व्यवहारात कोठवर टिकते या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचा इतिहास महत्त्वाचा आहे.

साधन कोणाकडे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका कोणी ठेवावी, हा या विषयातील मूळ पेच होय. शॉन फॅनिंग या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये सुरू केलेल्या नॅपस्टरमध्ये गाण्यांच्या संचिका सभासदांच्या संगणकांवर असत, मात्र त्यांची यादी कंपनीच्या मध्यवर्ती सर्व्हरवर असे. शोध त्यामुळे जलद होई. परंतु न्यायालयीन आदेशांनंतर जुलै २००१ मध्ये ते सर्व्हर बंद पडताच सारी व्यवस्थाच थांबली. मार्च २००० मध्ये नलसॉफ्ट या कंपनीतून बाहेर पडलेल्या नूटेलाने याच्या उलट टोक गाठले. तेथे मध्यवर्ती यादीच नव्हती. शोधणारा आपला प्रश्न शेजाऱ्यांना विचारी, ते तो आपल्या शेजाऱ्यांकडे धाडीत आणि ठराविक टप्प्यांनंतर तो विरून जाई. प्रत्येकास चार शेजारी व टप्प्यांची मर्यादा सात धरल्यास, कोणताही संगणक दोनदा न मोजता, एक प्रश्न ४,३७२ संगणकांपर्यंत पोहोचतो. प्रत्यक्षात तोच संदेश अनेक वाटांनी पुन्हा पुन्हा येत असल्याने जालकावरील भार बराच वाढे. २००१ मध्ये कॉर्ड, कॅन, पेस्ट्री यांसारख्या वितरित हॅश सारण्यांनी तिसरा मार्ग दाखविला : साधनाच्या नावावरून गणिताने एक अंक काढावयाचा व त्या अंकाची जबाबदारी ज्या संगणकावर आहे त्याच्याकडेच जावयाचे. कॉर्डमध्ये दहा लक्ष संगणकांच्या जालकातही हा शोध सुमारे २० टप्प्यांत संपतो. मात्र यासाठी नेमके नाव ठाऊक असावे लागते. अर्धवट आठवणाऱ्या शब्दांवरून शोध घेण्यास ही रीत सोयीची नाही.

याच सुमारास, १९९९ मध्ये, सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने लहान उपकरणांसाठी जावाची ‘मायक्रो एडिशन’ ही आवृत्ती जाहीर केली. २००० मध्ये निश्चित झालेल्या तिच्या प्रमाणांवरून त्या वेळच्या भ्रमणध्वनीची कुवत लक्षात येते. पडद्याची किमान अपेक्षा ९६ × ५४ बिंदूंची होती, जावाच्या चालू कामासाठी ३२ किलोबाइट, तर आज्ञावलीने साठवावयाच्या माहितीसाठी अवघी ८ किलोबाइट स्मृती पुरेशी मानलेली होती. दशांश-चल अंकगणिताची सोय नव्हती. सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे संदेशवहनासाठी केवळ एचटीटीपी हा शिष्टाचार सक्तीचा होता. त्यात प्रश्न नेहमी ग्राहकाने विचारावयाचा असतो. ग्राहकास बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही. शिवाय दूरध्वनी कंपन्या संचास बहुधा खाजगी पत्ता देत, त्यामुळे बाहेरच्या संगणकास तो दिसतच नसे. जो स्वतः विचारू शकतो परंतु ज्याला कोणी विचारू शकत नाही, अशा उपकरणास समकक्ष म्हणणे अवघडच होते.

एप्रिल २००१ मध्ये सन कंपनीने मुक्त आज्ञावलीच्या रूपात प्रसिद्ध केलेला जक्स्टा प्रकल्प हा या अडचणीवरील सर्वांत पद्धतशीर प्रयत्न होय. त्यामागील प्रेरणा कंपनीचे एक संस्थापक बिल जॉय यांची होती. जक्स्टामध्ये प्रत्येक साधनाचे वर्णन एक्सएमएल भाषेत लिहीत व त्यास ‘जाहिरात’ म्हणत. प्रत्येक जाहिरातीस आयुर्मर्यादा असे. ती संपली की नोंद आपोआप गळून पडे. रोज येणाऱ्या-जाणाऱ्या घटकांच्या जालकात ही योजना फार शहाणपणाची होती. सर्वसाधारण घटक आपल्या जाहिरातींची सूची ‘रांदेव्हू’ म्हणजे भेटस्थान म्हणविणाऱ्या निवडक घटकांकडे देत. २००३ च्या सुमाराच्या दुसऱ्या आवृत्तीत भेटस्थाने आपापसांत एक क्रमवार यादी राखीत. हॅश गणिताने त्या यादीतील जागा ठरवून नोंद तेथे ठेवीत आणि शोधही तेथेच पाठवीत. मधल्या काळात यादी बदलून नोंद सापडली नाही, तर प्रश्न यादीत वरखाली चालत जाई. हॅश सारणीचा वेग व नूटेलाची सहनशीलता यांची ही तडजोड होती.

भ्रमणध्वनीसाठी २००२ मध्ये जक्स्टाची जेएक्सएमई ही लघुरूप आवृत्ती पुढे आली. तिच्यात संच स्वतः शोध घेत नसे. ‘रिले’ नावाचा एक मोठा संगणक त्याचा प्रतिनिधी म्हणून काम पाही. संचातील आज्ञावली शोधाचा प्रकार व शोधावयाचा गुणधर्म एका लहान द्विमान संदेशात घालून रिलेकडे पाठवी. एक्सएमएल वाचण्याचे जड काम रिले करी, जालकात शोध घेई आणि आलेली उत्तरे सांभाळून ठेवी. संच ठराविक काळाने ‘माझ्यासाठी काही आले का?’ असे विचारून ती घेऊन जाई. वारंवार विचारावे तर विजेरी व पैसा खर्च होई, क्वचित विचारावे तर उत्तर शिळे होई. शोधाचे विषयही मुख्यतः तीनच होते : घटक, घटकांचा गट आणि संदेशवहनाची नलिका. एखादी संचिका हवी असल्यास आधी गट व नलिका शोधून मग तिच्यातून विचारणा करण्याची व्यवस्था आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतः करावी लागे.

ही रचना अभियांत्रिकीच्या दृष्टीने योग्य होती, परंतु तिने समकक्ष जालकाचे मूळ तत्त्वच बाजूला सारले. संच काय शोधतो हे सर्व रिलेला कळे. रिले बंद पडल्यास संच आंधळा होई. म्हणजे नॅपस्टरमधील मध्यवर्ती सर्व्हरच लहान आकारात पुन्हा उभा राहिला होता. रिले अनेक असू शकत व कोणासही तो चालविता येई, एवढाच काय तो फरक, आणि तो लहान नव्हे.

नोव्हेंबर २००२ च्या सुधारित प्रमाणाने थेट जोडणी स्वीकारण्याची सोय सांगितली, पण ती ऐच्छिक ठेवली; खाजगी पत्त्यांचा अडसर कायमच राहिला. पुढे बूडापेस्टच्या तांत्रिक विद्यापीठात सिम्बियन संचांसाठी नूटेलाचा ‘सिमेला’ व जावा संचांसाठी बिटटॉरंटचा ‘मोबटॉरंट’ हे ग्राहक तयार झाले. बिटटॉरंटच्या मूळ रचनेत शब्दावरून शोधण्याची सोयच नाही. वर्णन-संचिका अन्यत्र, बहुधा एखाद्या संकेतस्थळावर, मिळवावी लागते. अवघड भाग जालकाबाहेर ठेवल्यानेच ती रचना लहान संचास पेलली, असे म्हणावे लागते.

२००७ मधील आयफोनमध्ये जावा नव्हती, तर २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड संचांत जावा भाषा वापरात असली तरी मायक्रो एडिशन नव्हती. जानेवारी २०१० मध्ये ऑरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतली व त्याच वर्षाच्या अखेरीस जक्स्टा प्रकल्पातून आपला सहभाग काढून घेतला. तोवर संचांची स्मृती कित्येक पटींनी वाढली होती, परंतु त्यांवरील शोधाचा बहुतेक व्यवहार थोड्या मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरकडे गेलेला होता.