इंग्लंडमधील पार्किंग दंड : परिषदांचे उत्पन्न आणि अपिलाचा हक्क

इंग्लंडमध्ये रस्त्याच्या कडेला किंवा सार्वजनिक वाहनतळावर नियमबाह्य रीतीने वाहन उभे केल्यास दंड आकारण्याचा अधिकार बहुतेक ठिकाणी पोलिसांकडे नसून स्थानिक परिषदांकडे, अर्थात तेथील कौन्सिलांकडे आहे. या दंडातून व पार्किंग शुल्कातून परिषदांना मोठे उत्पन्न मिळते. दंड अन्यायकारक वाटल्यास वाहनमालक स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे विनाशुल्क दाद मागू शकतो. मात्र त्यासाठीच्या मुदती काटेकोर आहेत.

पार्किंगचे बहुसंख्य नियमभंग फौजदारी गुन्ह्यांतून वगळून ते परिषदांकडे सोपविण्याची सुरुवात 1991 च्या कायद्याने झाली. सध्याची व्यवस्था 2004 च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्यावर आधारित असून ती 31 मार्च 2008 पासून अमलात आली.

उत्पन्न किती, खर्च कशावर?

आरएसी फाउंडेशन या संस्थेच्या विश्लेषणानुसार, 2016-17 या वर्षात इंग्लंडमधील परिषदांना पार्किंगपासून सुमारे 158 कोटी पौंड मिळाले. खर्च वजा जाता 81 कोटी 90 लाख पौंड शिल्लक राहिले. त्यात लंडनमधील वेस्टमिन्स्टर परिषद 7 कोटी 32 लाख पौंडांसह अग्रस्थानी होती.

रस्त्यावरील पार्किंगची शिल्लक परिषदेला हवी तशी वापरता येत नाही. 1984 च्या कायद्यातील कलम 55 नुसार ती प्रामुख्याने वाहनतळ, सार्वजनिक वाहतूक, रस्ते सुधारणा अशा कामांवर खर्च करावी लागते. केवळ उत्पन्नासाठी शुल्क वा दंड आकारू नये आणि दंडांच्या संख्येचे लक्ष्य ठरवू नये, असे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे.

या तरतुदीची कसोटी 2013 मध्ये लागली. लंडनच्या बार्नेट परिषदेने रहिवाशांच्या पार्किंग परवान्याचे वार्षिक शुल्क 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेले होते. त्यास आव्हान मिळाल्यावर उच्च न्यायालयाने ही वाढ बेकायदेशीर ठरविली. वाहतुकीच्या इतर खर्चांसाठी निधी उभारणे हा शुल्कवाढीचा हेतू असू शकत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

दाद कशी मागावी?

लंडनबाहेर गंभीर नियमभंगासाठी दंड कमाल 70 पौंड आहे. लंडनमध्ये तो बराच अधिक आहे. 14 दिवसांत भरल्यास निम्मी रक्कम पुरते. परंतु दंड भरला की प्रकरण संपते. त्यामुळे आक्षेप असल्यास आधी रक्कम भरू नये.

पहिला टप्पा : नोटीस वाहनावर लावलेली असल्यास 14 दिवसांत परिषदेकडे लेखी हरकत नोंदवावी. ती फेटाळली गेली तरी सवलतीची मुदत सामान्यतः पुन्हा दिली जाते.

दुसरा टप्पा : दंड न भरल्यास वाहनमालकाच्या नावे नोटीस निघते. तिला 28 दिवसांत औपचारिक हरकत घेता येते. परिषदेने 56 दिवसांत उत्तर न दिल्यास हरकत मान्य झाली असे समजून दंड रद्द करावा लागतो.

तिसरा टप्पा : हरकत फेटाळल्यास 28 दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. लंडनसाठी ‘लंडन ट्रायब्युनल्स’, तर इतरत्र ‘ट्रॅफिक पेनल्टी ट्रायब्युनल’ हे काम पाहते. निर्णय परिषदेवर बंधनकारक असतो. मात्र अपील हरल्यास सहसा संपूर्ण दंड भरावा लागतो.

नियमभंग घडलाच नाही, वाहन त्या वेळी आपल्या मालकीचे नव्हते, ते चोरीस गेले होते, आकारलेली रक्कम जास्त आहे किंवा परिषदेने कार्यपद्धती पाळली नाही, ही अपिलाची मान्य कारणे होत. शुल्क भरून घेतलेली वेळ संपल्यावर 10 मिनिटांची सूटही 2015 पासून लागू आहे. अस्पष्ट फलक व पुसट रेषांची छायाचित्रे, तसेच पार्किंगचे तिकीट जपून ठेवल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

नोटिशीकडे दुर्लक्ष केल्यास दंड 50 टक्क्यांनी वाढतो. 70 पौंडांचे 105 पौंड होतात. त्यानंतर ती रक्कम न्यायालयात कर्ज म्हणून नोंदविली जाऊन वसुली अधिकारी घरी येऊ शकतात.

भारतीय वाहन परवान्यावर ब्रिटनमध्ये 12 महिन्यांपर्यंत मोटार चालविता येते. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी व पर्यटकांनी ध्यानात ठेवावे, की भाड्याच्या मोटारीवरील दंडाची जबाबदारी करारानुसार भाडेकरूवर येऊ शकते. तसेच खासगी वाहनतळांच्या नोटिसा दिसायला परिषदेच्या नोटिशीसारख्याच असल्या तरी त्या कंत्राटी स्वरूपाच्या असतात आणि त्यांची अपील व्यवस्था वेगळी आहे. म्हणून नोटीस कोणी बजावली, हे प्रथम पाहावे.